वसुलीच्या कंत्राटातील शेकडा: नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय: नगरपंचायतींनी थकबाकी वसुलीसाठी खासगी एजन्सी नेमण्याच्या अटींबाबत.

महोदय,

मी यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहतो. आमच्याकडे ग्रामपंचायत होती तेव्हा मी तेथे वसुली लिपिक होतो, आणि नमुना 9 ची मागणी नोंदवही व नमुना 10 चे पावतीपुस्तक घेऊन वीसेक वर्षे घरोघर हिंडलो आहे. तेव्हा कर बुडवणाऱ्यांची वकिली माझ्याकडून होणार नाही. पंधराव्या वित्त आयोगाने नागरी संस्थांचे अनुदान मालमत्ता कराच्या वाढीशी जोडल्यापासून मुख्याधिकाऱ्यांवर किती ताण आहे, हेही मी जाणतो. माझे म्हणणे वसुलीचे काम ज्या अटींवर बाहेर दिले जाते, त्या अटींपुरतेच आहे.

आमच्या नगरपंचायतीने निविदेत दर शेकड्याने मागवला आणि तो एकूण वसुलीवर ठेवला. चालू मागणी वेगळी आणि जुनी थकबाकी वेगळी, असा भेद त्यात नव्हता. समजा, चालू मागणी 40 लाखांची आणि थकबाकी 60 लाखांची आहे. चालू मागणीतले 30 लाख कोणी दारात न जाताही जमा होतात, कारण कुणाला फेरफार करायचा असतो, कुणाला बांधकामाची परवानगी हवी असते, आणि कापसाचा चुकारा हाती पडला की घरपट्टी भरून मोकळे होणारी माणसेही गावात पुष्कळ आहेत. आठ टक्के दर धरला तरी या आपसूक आलेल्या रकमेवर एजन्सीला 2 लाख 40 हजार रुपये मिळतात, आणि बंद जिनिंगच्या किंवा मंगल कार्यालयाच्या मालकाकडे ती वर्षभर फिरकली नाही तरी तिचे काही अडत नाही.

मग ती फिरकते कुठे? गेल्या फेब्रुवारीत संध्याकाळी आठच्या सुमारास आमच्या शेजारच्या काकूंकडे मोटारसायकलवर दोन मुले आली. त्यांच्या हातात ‘अंतिम नोटीस’ असे छापलेला कागद होता. त्यावर ना जावक क्रमांक, ना मुख्याधिकाऱ्यांची सही. थकबाकी काकूंच्या दिवंगत सासऱ्यांच्या नावावर होती. नगरपंचायत झाल्यावर नव्याने मोजणी झाली, घराला नवा मालमत्ता क्रमांक मिळाला, पण जुना क्रमांक रद्द झालाच नाही, म्हणून एकाच घरावर दोनदा आकारणी होत राहिली. काकूंनी रेशनकार्डाच्या पिशवीतून जुन्या पावत्या काढून दाखवल्या, त्या कुणी वाचल्या नाहीत. नळ तोडण्याचे नाव निघाले तेव्हा त्यांनी 1,500 रुपये दिले. पावती नंतर मिळेल, असे सांगण्यात आले.

नगरपरिषदांच्या 1965 च्या अधिनियमात आधी देयक, मग मागणीची नोटीस आणि त्यानंतरच जप्तीचे वॉरंट, असा क्रम आहे. उशिराच्या रकमेवर दरमहा 2 टक्के शास्तीही आहे, म्हणजे चुकीची नोंद जितकी जुनी तितका बोजा फुगलेला. बँकांच्या वसुली एजंटांनी सकाळी 8 पूर्वी आणि सायंकाळी 7 नंतर कर्जदाराला फोन करू नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मध्ये बजावले. घरपट्टीच्या वसुलीला मात्र ते बंधन लागू नाही. कर्जदाराला मिळणारे संरक्षण करदात्याला का नसावे, हे मला तरी उमगत नाही.

म्हणून विनंती अशी की, एजन्सीचा मोबदला तीन वर्षांपेक्षा जुन्या थकबाकीच्या वसुलीवरच द्यावा आणि चालू मागणी त्यातून पूर्णपणे वगळावी. निविदा काढण्यापूर्वी दुबार आणि मृत व्यक्तींच्या नावावरील नोंदी दुरुस्त केल्याचा दाखला मुख्याधिकाऱ्यांनी द्यावा. आणि एजन्सीच्या माणसाने रोख रकमेला हात लावू नये, भरणा खिडकीवर किंवा नगरपंचायतीच्या खात्यातच व्हावा. सर्वांत कमी शेकडा मागणाऱ्यालाच काम देण्याची सक्तीही सोडावी, कारण कमी दरात परवडवायचे म्हणजे अनोळखी, अप्रशिक्षित पोरे रस्त्यावर सोडणे आलेच. यातल्या बहुतेक गोष्टींना कायदा बदलावा लागत नाही, आपल्या विभागाचे एक परिपत्रक पुरेल.

आमच्याकडची पुढची निविदा दिवाळीच्या सुमारास निघेल, त्याआधी ते निघावे. काकूंचे 1,500 रुपये अजून नोंदवहीत चढलेले नाहीत. मी परवाच खिडकीवर जाऊन पाहिले.

आपला नम्र,
एक निवृत्त वसुली लिपिक