मुंगीचा वास, माशीचा माग

मा. संपादक,

काजूची फांदी वाकवली की हुमले, म्हणजे झाडावरच्या तांबड्या मुंग्या, मानेवर उतरतात आणि त्यांचा तो आंबूस वास नाकात शिरतो. मुंग्यांची अशी हाक सोबत्यांसाठी असते, पण ती ऐकणारे दुसरेही असतात. दक्षिण अमेरिकेत आगमुंग्या चवताळल्या की त्यांच्या वासावर फोरिड माशा येतात, जेमतेम दीड मिलिमीटरच्या. जवळ आल्यावर माशी मुंगीचा आकार पाहते. कुठल्या जातीच्या माशीला केवढी मुंगी, हे ठरलेलं! क्षणात अंडं मुंगीच्या छातीत. अळी पुढे डोक्यात शिरते, ते पोखरते, शेवटी डोकंच गळून पडतं आणि त्यातच कोष होतो. मोठ्या डोक्यातून बहुधा मादी निघते, लहानातून नर. स्थानिक मुंग्यांना धोका नाही याच्या चाचण्या करूनच 1997 मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात, तिथे शिरलेल्या आगमुंग्यांना आवरायला, या माशा सोडल्या गेल्या.

आमच्याकडे मात्र हुमले दिसले की पावडर! काजूच्या मोहोरावरच्या ढेकण्या या किडीला हेच हुमले आवरतात, हे विसरून. या हुमल्यांवर कोण टपून असतं, ते आमच्या कॉलेजातल्या मुलांनी एकदा बागेत बसून बघावं. चहा माझ्याकडून.

– एक बागायतदार, वाळपई