ह्यांचं पासष्ट, माझं एकसष्ट

एडिसन, न्यू जर्सी
18 जानेवारी 2026

प्रिय मंगल,
अनेक आशीर्वाद.

संक्रांतीला फोनवर तू म्हणालीस, "भावोजी मे महिन्यात पासष्टचे होतायत, म्हणजे दोघांनाही सरकारी विमा लागू. मग नोकरी सोडून यंदा चवथीला कायमचेच का येत नाही?" तेवढ्यात तुझ्या दुकानात गिऱ्हाईक आलं आणि बोलणं राहिलं. शिवाय हे फोनवर समजावण्यासारखं नाहीच, म्हणून लिहायला बसले.

तुझा समज का झाला ते कळतं. तुमचं गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं दीनदयाळ कार्ड कुटुंबाच्या नावानं निघतं. तीन माणसांपर्यंत अडीच लाख, चार किंवा जास्त असली तर चार लाख. सावंतवाडीला दादाच्या महात्मा फुले योजनेतही रेशनकार्ड बघतात, म्हणजे परत कुटुंबच. इथलं मेडिकेअर, म्हणजे पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्य विमा, माणशी असतं. नवऱ्याची नोकरी बायकोच्या उपयोगी पडते, पण त्याचं वय तिच्या वयाच्या जागी चालत नाही. ह्यांना पासष्ट लागलं तरी मी एकसष्टचीच, आणि माझी पासष्ट भरेपर्यंत मला ते कार्ड मिळत नाही. अपंगत्व आलं किंवा मूत्रपिंडं निकामी झाली तरच त्याआधी, आणि तसली घाई मला नाही!

1965 साली 30 जुलैला राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली, तेव्हा पहिलं कार्ड माजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना दिलं आणि दुसरं त्यांच्या पत्नीला, बेसबाईंना. तेव्हापासूनच दोघांची दोन कार्डं.

आता नोकरीचं सांगते. हॉस्पिटलात भरती झाल्यावरचा खर्च पार्ट ए मधून होतो. तो फुकट मिळायला चाळीस क्रेडिट लागतात. वर्षाला जास्तीत जास्त चार, म्हणजे मेडिकेअरचा कर कापून घेतलेली निदान दहा वर्षांची कमाई. यंदा एका क्रेडिटला 1,890 डॉलरची कमाई धरतात. मी इथे आले ती एच-फोर व्हिसावर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्याच्या बायकोला मिळतो त्या, तेव्हा ह्या व्हिसावरच्या बायकांना नोकरीची परवानगीच नव्हती. पुढे पाळणाघरात थोडंफार काम केलं, पण चाळीस काही भरत नाहीत. फोंड्याच्या शाळेत शिकवलं ती वर्षं इथे शून्य, कारण भारत आणि अमेरिकेत ह्या बाबतीतला करारच नाही.

पण ह्यांची चाळीस केव्हाच भरलीत आणि ती मलाही चालतात. अट एवढीच की लग्नाला वर्ष झालेलं हवं आणि नवरा निदान बासष्टचा हवा. स्वतःचीही क्रेडिट नाहीत आणि नवऱ्याचीही नाहीत, अशा बाईला हाच पार्ट ए विकत घ्यायचा तर यंदा महिना 565 डॉलरपर्यंत पडतो. इतकी वर्षं घर सांभाळलं त्याचा कुठेतरी हिशेब लागला, असं मी ह्यांना ऐकवते. हे हसतात.

बासष्टची अट उलटी कशी बसते तेही ऐक. इथल्या मंडळात एक जोडपं आहे, बायको नवऱ्याहून चार वर्षांनी मोठी. ती पासष्टची झाली तेव्हा नवरा एकसष्टचा, आणि तिची स्वतःची क्रेडिट नाहीत. नवरा बासष्टचा होईपर्यंत तिला पार्ट ए फुकट मिळेना. घटस्फोट झालेल्या बाईलाही जुन्या नवऱ्याची क्रेडिट चालतात, फक्त संसार दहा वर्षं टिकलेला हवा आणि तिनं पुन्हा लग्न केलेलं नको. त्याची परवानगी लागत नाही, त्याला कळवावंही लागत नाही. हे मला फार आवडलं.

डॉक्टरांच्या बिलांसाठी पार्ट बी. तिथे मात्र नवऱ्याची कमाई कितीही असो, प्रत्येकानं आपापला हप्ता भरायचा. यंदा तो महिना 202.90 डॉलर आहे, कमाई जास्त असली तर आणखी. वेळेवर घेतला नाही तर उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला दहा टक्के दंड, तोही बहुधा जन्मभर. नोकरी चालू असून कंपनी वीस किंवा जास्त माणसांची असेल तर थांबता येतं, दंड नाही. नोकरी सुटली की आठ महिन्यांत घ्यावाच लागतो. पुष्कळ जण इथेच फसतात. नोकरी सुटल्यावर पूर्ण हप्ता भरून कंपनीचाच विमा काही काळ चालू ठेवता येतो, त्याला कोब्रा म्हणतात. लोकांना वाटतं तोवर पार्ट बी नको. पण कोब्रा म्हणजे चालू नोकरीचा विमा नव्हे, आठ महिने सरतच असतात.

तर आमचं ठरलंय ते असं. मी ह्यांच्या कंपनीच्या विम्यात आहे, म्हणून हे अजून नोकरी सोडत नाहीत. सोडलीच तर मधल्या वर्षांसाठी मला कोब्रा किंवा बाजारातला विमा, आणि साठीतल्या बाईचे हप्ते ऐकून तुझा विश्वास बसणार नाही. कायमचं गोव्याला यायचं म्हटलं तर मेडिकेअर तिथे एक पैसा देत नाही. बांबोळीच्या हॉस्पिटलात जायची वेळ आली तर खर्च आपलाच. पार्ट बी सोडून आलो आणि पुढे मुलांकडे परत जायची वेळ आली तर दंड. त्यामुळे यंदा चवथीला येऊ, गणपतीवरची माटोळी बांधायला मी असेन, पण परतीचं तिकीट काढून.

दादाला हे वाचायला दे. त्याचा मुलगा त्यांना कॅलिफोर्नियाला नेतो म्हणतोय ना? मुलाचा कर आईवडिलांना असा उपयोगी पडत नाही. ग्रीन कार्डावर येऊन सलग पाच वर्षं राहायचं, मग दोन्ही हप्ते खिशातून भरून मेडिकेअर विकत घ्यायचं. वहिनीला आत्ताच सांगितलेलं बरं.

आईचं सत्तरीवरच्यांचं आयुष्मान कार्ड काढलंस का? ते 2024 पासून निघालंय, त्यात उत्पन्न बघत नाहीत.

आता तुझ्याकडे एक काम. ह्यांच्या नावावर अर्ज करायचा तर लग्नाचा दाखला लागेल. आमच्या सह्या फोंड्याच्या सब-रजिस्ट्रारकडे झाल्या होत्या, बाबांच्या ट्रंकेत जुनी पावती असेल. दाखल्याच्या दोन सर्टिफाइड प्रती काढ, माझ्या जन्मदाखल्याच्याही दोन. लग्नाच्या नोंदीत माझं माहेरचं नाव आहे आणि पासपोर्टवर सासरचं, तेव्हा स्पेलिंग तिथल्या तिथे तपासून घे, शिक्का पुसट असेल तर दुसरा मारून घे. टपालानं पाठवू नकोस, आम्ही आलो की हातानंच घेईन.

आईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
ताई