मोटर उघडण्याआधी

प्रिय मन्या,

पत्र मिळालं. होडीची मोटर २० वर्षांची, जोरात नीट पळते, हळू केली की गुदमरून बंद पडते, मेकॅनिक म्हणतो टाकून द्या, आणि तुझे हात शिवशिवताहेत. पाने काढून बसलाच असशील. जरा दम धर.

आधी दोन्ही प्लग काढ, त्यांच्या वायरी इंजिनाला अर्थ कर, प्लगच्या भोकात कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं) लाव आणि थ्रॉटल पूर्ण उघडून दोरी चार-पाचदा ओढ. आकडा किती आला यापेक्षा दोन्ही सिलिंडरचा सारखा आला का ते बघ. १० टक्क्यांपर्यंत फरक चालतो. एकीकडे १२० आणि दुसरीकडे ७० आला तर रिंगा, पिस्टन नाहीतर हेड गॅस्केट गेलंय. मग पाने परत पेटीत ठेव, ते हौसेचं काम नव्हे.

सारखा आला तर माझी पैज कार्ब्युरेटरवर. मागच्या मोसमातलं पेट्रोल आत राहिलं की वाळून चिकट होतं आणि स्लो जेटचं, म्हणजे मोटर हळू चालताना पेट्रोल सोडणाऱ्या नळीचं, केसाएवढं भोक बुजतं. तुझी लक्षणं तीच आहेत. तारेनं मात्र कोरू नकोस, भोक मोठं झालं की जेट गेलाच. क्लीनर मार आणि हवा दे.

गिअरपेटीचं तेलही थोडं बोटावर घेऊन बघ. दुधी दिसलं तर सीलमधून पाणी शिरलंय.

आता माझी फजिती. इम्पेलर, म्हणजे मोटर थंड ठेवायला पाणी खेचणारा रबरी पंखा, बदलायला म्हणून खालचा भाग उतरवत होतो. खारं पाणी, अ‍ॅल्युमिनियमच्या घरात स्टीलचा बोल्ट, भोवती पांढरी भुकटी जमलेली. तेल सोडून रात्रभर ठेवायचं, गरम करायचं, आधी किंचित आवळून मग सोडवायचं, हे सगळं ठाऊक होतं. तरी पान्याला पाइप लावून जोर केला. टक्! डोकं हातात, बोल्ट आत. तो ड्रिलनं काढण्यात दोन आठवडे गेले. इम्पेलरच्या रबरी पाकळ्या एकाच बाजूला वाकून कडक झाल्या होत्या, आणि एक तुटून पाण्याच्या वाटेत अडकलेली. ती शोधली नसती तर नवा इम्पेलर घालूनही मोटर तापलीच असती.

आणि हो, सुरू करून बघायची तर पाण्याच्या पिंपातच. कोरडी चालवलीस तर इम्पेलर बघता बघता जळेल.

दोन्ही आकडे कळव. सारखे निघाले तर रविवारी येतो. ड्रिल घेऊनच येतो.

तुझा,
दिन्या