फॉर्म भरून टाक, बाय

बाय,

काल फोनवर तू रडायच्या बेतात होतीस म्हणून मी जास्त काही बोलले नाही, आणि बाबा बाजूलाच जेवायला बसलेले, त्यांच्यासमोर तुझ्या डिग्रीच्या फॉर्मचा विषय काढला असता तर बोटीच्या डिझेलच्या भावापासून सुरुवात झाली असती. आता दुपार आहे, लाईट गेलीय, अंगणवाडीतली पोरं घरी गेली, मदतनीस टोप घासतेय, तर बसून टाईप करते. मोठं होणार आहे, सवडीने वाच.

तुझ्या शाळेतल्या त्या बाई म्हणाल्या ना, बालवर्गाला शिकवायला डिग्री कशाला, शेवटी नाकंच पुसायचीत. तर नाकं पुसायचीच आहेत. डिग्री झाल्यावरही पुसायचीत, मी 1997 पासून पुसतेय आणि त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. पण आपलं काम तेवढंच असं आता तुलाही वाटायला लागलंय की काय, त्याची मला धास्ती वाटते.

एक गोष्ट सांगते, तुला अर्धी माहीत आहे. 2009 साली माझ्याकडे एक मुलगा होता, चार वर्षांचा, बंदराकडच्या घरातला. नाव लिहीत नाही, गाव लहान आहे. गोड पोर, पण हाक मारली की बघायचा नाही. गाण्याला सगळे टाळ्या वाजवायचे, हा आधी बाजूच्याचे हात बघायचा आणि मग वाजवायचा, जरासा मागे. मी त्याच्या पाठीमागे उभी राहून ताटावर चमचा वाजवून पण बघितला होता, ढिम्म. म्हणजे मला दिसत होतं गं, सगळं दिसत होतं. आणि मी रजिस्टरमध्ये काय लिहिलं माहितीय? "ऐकत नाही."

आईला सांगितलं, ऐकत नाही. ती म्हणाली घरी पण ऐकत नाही, आजीने लाडावून ठेवलाय. वरून तपासायला मॅडम आल्या, त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, जरा धाक लावा. पुढे पहिलीत गेला, तिथे त्याने दोन वर्षं मार खाल्ला, आणि तिसरीत कोणीतरी डॉक्टरकडे नेला तेव्हा कळलं की त्याला दोन्ही कानांनी नीट ऐकूच येत नव्हतं. "ऐकत नाही" आणि "ऐकू येत नाही", एवढासा फरक, आणि तो मी लिहिला नाही कारण असं काही असतं, ते या वयात ओळखायचं असतं, त्याची कुठे तपासणी होते, हे मला कोणी शिकवलंच नव्हतं. तेव्हा आरबीएसकेची, म्हणजे सरकारी बालआरोग्य तपासणीची, टीम पण नव्हती, ती 2013 नंतर, आता वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासतात. बोलायला शिकायची वर्षं त्याची तशीच गेली. आता विशीचा आहे, बोटीवर जातो, जाळी एक नंबर विणतो. रस्त्यात दिसला की हात वर करतो, मीही करते, आणि दरवेळी माझ्या पोटात कालवतं.

निसर्ग वादळात, 3 जून 2020 ला, अंगणवाडीचे पत्रे उडाले तेव्हा भिजलेली रजिस्टरं मी आपल्या पडवीत वाळत घातली होती, आठवतं? त्यात ते पान निघालं. शाई पसरलेली, पण ते दोन शब्द शाबूत. मी बाबांना पण दाखवलं नाही.

म्हणून म्हणते, मुलं तुला कळतात त्यात वादच नाही, ते तुझ्या हाताला लागलेलं आहे. पण कळलेलं सांगायला बरोबर शब्द लागतो, आणि समोरच्याने तो ऐकून घ्यावा म्हणून, वाईट वाटतं पण खरं आहे, नावापुढे काहीतरी लागतं. इग्नूचा डिप्लोमा तू बारावीवर केलास, चांगलं केलंस, पण त्यावर थांबू नकोस.

आता तुझंच बघ. नर्सरीतल्या तीन वर्षांच्या पोरांना रेघी वहीत लिहायला लावतात, तुला ते पटत नाही, पण मीटिंगमध्ये तू गप्प बसतेस. माझ्याकडे एक साडेचार वर्षांची पोरगी आहे, आईबरोबर बसून कोलंबी सोलते. डोकं मोडते, साल काढते, मग दोन बोटांच्या चिमटीत तो काळा दोरा धरून असा सरळ ओढते की मध्ये तुटत नाही. माझ्याच्याने एवढं सफाईने होत नाही. तीच पोरगी पेन्सिल मुठीत धरते म्हणून तिच्या आईला कोणीतरी सांगितलं, पोरगी कच्ची आहे. कच्ची कसली! बोटं तयार होतायत तिची, लिहिण्याची तयारी म्हणतात ती हीच. मनगटातली हाडं पण त्या वयात पुरती तयार नसतात. नव्या शिक्षण धोरणात, 2020 च्या, तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय आणि खेळातून शिकवा असंच लिहिलंय, म्हणजे तू काही जगावेगळं बोलत नाहीयेस. पण मीटिंगमध्ये पालक आणि संस्थाचालक समोर असताना हे मुद्द्याने मांडता यायला हवं, नुसतं "मला असं वाटतं" चालत नाही.

आमच्या ट्रेनिंगला वाचून दाखवलं की मेंदूची 85 टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते, तर माझ्या शेजारची हळूच म्हणते, मग पगार पण त्याच हिशोबाने द्या की. आम्हाला तर पगार म्हणत पण नाहीत, मानधन म्हणतात.

नोकरी सोडून मुंबईला जायचं म्हणत होतीस, एसएनडीटी विद्यापीठात मानवी विकास हा विषय घेऊन. चांगलंच आहे ते, पण राहण्याचा खर्च आपल्याला झेपणार नाही हे स्पष्टच सांगते, आणि दुसरं, रात्री वाचलेलं सकाळी वर्गात समोर दिसलं की जे डोक्यात बसतं ते नुसत्या वाचनाने बसत नाही. मुक्त विद्यापीठातून कर, नाशिकच्या किंवा इग्नूतून, बालविकास नाहीतर मानसशास्त्र कशात मिळतं ते बघून विषय घे. आणि यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, साईटवर त्या कोर्सला मान्यता आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ. आपल्या वाडीतल्या एकीने जाहिरात बघून पैसे भरले, चकचकीत सर्टिफिकेट आलं, ते कुठेच चालत नाही, आता देव्हाऱ्याशेजारी फ्रेम करून लावलंय. डीईबी आयडी आणि एबीसी आयडी, मुक्त विद्यापीठाच्या प्रवेशाला लागतात ते ऑनलाईन नंबर, आधी काढून ठेव, नाहीतर शेवटच्या दिवशी साईट बंद पडते आणि मग तू मला फोन करतेस.

वय झालं म्हणालीस. एकोणतीस! अनुताई वाघ, आपल्याच किनाऱ्यावर वर कोसबाडला, ताराबाई मोडकांबरोबर आदिवासी पोरांच्या अंगणात जाऊन बालवाड्या चालवायच्या, आमच्या अंगणवाडीचं मूळ तिथलंच, त्यांनी पदवी घेतली ती पन्नाशी उलटल्यावर. आणि परीक्षेला एसटीने जायचा कंटाळा येतो म्हणालीस तर शेजारच्या मुरूडचे कर्वे आठव, घाट चढून चालत साताऱ्याला गेले परीक्षेला आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना बसूच दिलं नाही. त्यांनीच पुढे 1916 ला बायकांचं विद्यापीठ काढलं, ते तुझं एसएनडीटी.

मी का नाही केलं म्हणून विचारशील. फॉर्म आणला होता. तू सातवीत होतीस, बोटीचं इंजिन बदलायचं निघालं, पैसे तिकडे गेले, पुढच्या वर्षी म्हणून ठेवला आणि राहिलाच. मुख्यसेविकेला, म्हणजे अंगणवाड्या तपासणाऱ्या बाईला, पदवी लागते. आता माझ्याकडे तपासायला येते ती मुलगी तुझ्यापेक्षा लहान आहे, मला मावशी म्हणते, हुशार आहे. परवा माझ्या नोंदी वाचून म्हणाली, मावशी, तुमचं निरीक्षण किती छान आहे. मी हसले फक्त.

फीचं बाबांशी मी बोलते, बचत गटातून पहिल्या वर्षाचे निघतील. जावईबापूंना तूच सांग, माझ्याकडून नको. परीक्षेच्या दिवसांत छोट्याला माझ्याकडे सोड.

आली लाईट. मोटर लावायला हवी, टाकी रिकामी आहे. तुझं बारावीचं मार्कशीट इथेच आहे लोखंडी पेटीत, ते पण वादळात भिजलं होतं, एक कोपरा गेलाय पण नंबर नीट दिसतो. शनिवारी काका रत्नागिरीला येतायत, त्यांच्याकडे देते. सुके बोंबील पण देतेय, पिशवी वेगळी बांधते, मार्कशीटला वास लागायला नको.

आई