बँकेच्या लायनीतल्या त्या काकांना मनापासून थँक्यू

काका, नमस्कार. नोव्हेंबरात पुण्यातल्या एका बँकेत पेन्शनवाल्यांच्या लायनीत तुम्ही निळी फाईल घेऊन आमच्या मागे होतात. तुमच्यापर्यंत हे पोचेल की नाही माहीत नाही, तरी लिहितोय.

आईची फॅमिली पेन्शन साताऱ्याच्या ब्रँचला, ती राहते आता माझ्याकडे, म्हणून हयातीचा दाखला द्यायला तिला इथेच घेऊन आलो होतो. मशीनवर तिचा अंगठा काही उमटेना (जन्मभर धुणीभांडी केलेल्या हाताच्या रेषा राहतात कुठे) तर समोरच्या मॅडम मान वर न करता म्हणाल्या, "हात पुसून यायचं कळत नाही का? आणि खातं साताऱ्याला ना, मग इथे कशाला गर्दी करताय, तिकडे जा." आई लगेच "चल बाळा, जाऊ" म्हणायला लागली, माझं डोकं सटकलं, आता तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही खांद्यावर हात ठेवलात. "थांब. ओरडलास तर साहेबाला त्या तुझं ओरडणंच सांगतील, दाखल्याचं कुणी विचारणार नाही."

मग तुम्ही पुढे होऊन इतक्या हळू बोललात की मॅडमना मान वर करून ऐकावंच लागलं. "मॅडम, बँकेच्या कुठल्याही शाखेत दाखला घेतात, रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत तशा. ठसा येत नसेल तर कागदी फॉर्म द्या. घ्यायचाच नसेल तर का घेत नाही ते लिहून सही द्या, आम्ही जातो." आणि गप्प उभे! त्या अजून दोन-चार वाक्यं फणकारल्या, तुमचं आपलं एकच, "बरं, मग लिहून देताय ना?" ना टोमणा, ना 'तुम्हाला पगार कशाचा मिळतो'. शेवटी ड्रॉवरमधून फॉर्म निघालाच.

आम्ही निघालो तर तुम्ही परत थांबवलंत, सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही म्हणून. दाखला तिकडे गहाळ झाला की पेन्शन थांबते आणि आपल्या हातात पुरावा काहीच नसतो, हे माझ्या डोक्यातही आलं नसतं. वर बाकावर बसून बाकीचंही सांगितलंत, सत्तरीच्या पुढच्यांसाठी बँकेने घरी येऊन दाखला घेण्याची सोय करायची असते, आणि तक्रार करायचीच तर आधी बँकेकडे लेखी, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, फी नाही, माहितीला १४४४८ नंबर. थेट लोकपालाकडे गेलं तर परत पाठवतात हेही.

एक मात्र अजून पूर्ण पटलेलं नाही काका. तुम्ही म्हणालात, शेजारचे दोन काउंटर बंद, ही बाई सकाळपासून एकटी किल्ला लढवतेय, तिचंही बघ. बघितलं, खरंय, पण माणसं कमी ठेवली बँकेने आणि बोलणी खाल्ली माझ्या आईने, हा कुठला न्याय? असो, तुमचं मन मोठं.

पण तुमची पद्धत उचललीय. गॅस एजन्सी असो की मोबाईल कंपनीचा कॉल सेंटर, समोरचा खेकसला की मी नाव, वेळ, तक्रार नंबर लिहून घेतो आणि विचारतो, "आता पुढे काय करायचं ते सांगा." राग येतोच, पण हात लिहिण्यात गुंतलेला असतो त्यामुळे तोंड आपोआप ताब्यात राहतं. बायकोला वाटतं मी सुधारलो, तिला तसंच वाटू दे.

आणि हो, यावेळी आईचा दाखला घरूनच केला, फोनच्या कॅमेऱ्यात चेहरा दाखवून, अंगठ्याची भानगडच नाही. जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी अशी दोन ॲप लागतात, पीपीओ नंबर (पेन्शन मंजुरीच्या कागदावरचा नंबर) जवळ ठेवायचा. तुमच्या घरी कुणी करून देणारं नसेल तर पोस्टमनला सांगा, तो घरी येऊन करून देतो, ७० रुपये घेतात.

आईचा नमस्कार.