तिकीट सोडवू नका, पाकीट ठेवा

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या पानावर पाकिटावरची तिकिटे कशी सोडवावीत ते दिले होते. कोमट पाणी, ताटली, चिमटा. कृती बरोबर आहे, आजच्या तिकिटांना चालेलही. पण गोव्यातल्या जुन्या पेट्यांतून जे निघते त्याला कृपा करून पाणी लावू नका.

हे शहाणपण मला उशिरा आले. १९६४ साली मी बारा वर्षांचा होतो. डिचोलीला आजोळी मामाच्या पेटीत एक पाकीट सापडले. त्यावर शेजारी-शेजारी दोन तिकिटे: एक पोर्तुगीज अमलातले, जुन्या नाण्याच्या चित्राचे, दुसरे भारताच्या नकाशाचे, नव्या पैशांतले. दोहोंवर मिळून एकच शिक्का. मी पाकीट आईच्या परातीत भिजत घातले. पत्त्याची जांभळी शाई पाण्यात उतरली आणि लगदा चुलीत गेला.

गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला. भारतीय तिकिटे इथल्या पोस्टात आली २९ डिसेंबरला, आणि जुनी तिकिटे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालवून घेतली. म्हणजे दोन्ही राजवटींची तिकिटे एकाच पत्रावर लागायला मिळाले ते इतकेच दिवस. तसे पाकीट मी घालवले होते, हे मला धंद्यात पडल्यावर कळले.

धंदा म्हणजे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एक टेबल, पुढे छोटे दुकान. पावसाची सर आली की आधी अल्बम झाकायचे, मग गिऱ्हाईक. कुणी १८७१ ची, गोव्यातच छापलेली पहिली तिकिटे घेऊन आले, की भिंगाखाली आकड्यामागच्या बारीक रेषा मोजत बसायचे. त्यांत नकली माल फार, म्हणून सुटे तिकीट दिसले की मी आधी संशयच घेतो. पाकिटावर असेल तर गोष्ट वेगळी. त्या काळी इंग्रजांच्या हिंदुस्थानी पोस्टाची कचेरीही गोव्यात होती, त्यामुळे एखाद्या पत्रावर गोव्याच्या तिकिटाशेजारी व्हिक्टोरिया राणीही बसलेली असते. सुटी केल्यावर त्या दोघांचा संबंध कोण सांगणार?

सध्या जुनी घरे विकली जाताहेत. मागच्या महिन्यात एक गृहस्थ बिस्किटांचा डबा भरून तिकिटे घेऊन आले. आजोबांच्या पत्रांवरून कात्रीने नीट चौकोन कापलेले. पत्रे कुठे आहेत विचारले, तर म्हणाले, "ती रद्दीत दिली, भाव बरा आला." डब्याचे मी काय देणार? चहा पाजला.

तेव्हा पुढच्या रविवारी त्याच पानावर, जरा मोठ्या अक्षरांत, ही दुरुस्ती छापावी ही विनंती.

मामाच्या पाकिटावरची ती दोन तिकिटे अजून माझ्याकडे आहेत. शिक्क्याची डावी कड एकावर, उजवी दुसऱ्यावर. मधली तारीख पाकिटावर होती.

आपला,
एक जुना तिकीट-विक्रेता, म्हापसा