पडवीतल्या त्या पोत्याबद्दल

ती. आई-बाबांना सा. न.

परवा फोनवर आई म्हणाली, काळपट दाणे भाजून कूट करून ठेवलाय, बंटीच्या खिरीत घालते. मी नुसतं हो हो म्हटलं. फोनवर समजवायला गेलो की बाबा मागून "झालं का मास्तराचं सुरू" म्हणतात, म्हणून लिहितो.

यंदा उन्हाळी भुईमूग उपटला अन् तिसऱ्याच दिवशी मृगानं गाठलं. ताडपत्री अपुरी पडली, त्यात तुमचा काय दोष. पण ओल्या शेंगेत जी हिरवट-पिवळी बुरशी धरते ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडते. 1974 साली राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत पावसानं भिजलेला मका खाऊन शंभरावर माणसं काविळीनं गेली, ती याच विषानं. ते एकदम पोटात गेलं म्हणून दिसलं. थोडं थोडं रोज गेलं तर दिसत नाही. धान्यातली आपल्याकडची मर्यादा किलोमागे 15 मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातले पंधरा. ते जिभेला काय कळणार?

आई, भाजल्यानं बुरशी मरते, विष बरंचसं तसंच राहतं. बाबा म्हणतील, मग गाईला घाला. गाईच्या पोटातून ते रूप बदलून दुधात उतरतं, दूध उकळलं तरी जात नाही, आणि आपल्या घरचं दूध पितो कोण? घाणीवर तेल काढलं तर थोडं तेलात येतं, जास्तीचं ढेपेत, अन् ढेप पुन्हा गाईपुढं. म्हणजे कुठूनही फिरवा, ते पोतं बंटीच्याच वाटीत येतं.

"तुम्ही दोघं भाऊ याच दाण्यांवर वाढलात," हे उत्तर मला पाठ आहे. वाढलो, खरं. चांगला माल अडत्याकडे अन् फुटका-किडका घरात, ही आपली जुनीच रीत. पण पश्चिम आफ्रिकेत बेनिन आणि टोगोमध्ये लहान मुलांचं रक्त तपासलं, तेव्हा खुजी राहिलेल्या मुलांत हे विष जास्त सापडलं. आईचं दूध सुटून वरचं खाणं सुरू झालेल्या पोरांत तर आणखी जास्त. बंटी नेमका त्याच वयात आहे. अंगणवाडीच्या कार्डावर तीन महिने त्याचं वजन हललेलं नाही. त्याला दाणाच कारण असं मी म्हणत नाही, मध्ये हगवणही होतीच. पण लेकरू आधीच अशक्त असताना यकृतावर अन् आतड्यावर आणखी भार कशाला?

विष थोड्याच दाण्यांत साचतं, म्हणून निवडल्यानं खूप फरक पडतो. सुरकुतलेले, रंग गेलेले, कुबट वासाचे, भोक पडलेले सगळे काढा. राहिलेल्या शेंगा पुन्हा कडक उन्हात वाळवा, कानाशी हलवल्यावर खुळखुळ वाजल्या पाहिजेत. पोतं भुईवर नको, भिंतीला टेकून नको. खाली जुन्या पाटाच्या दोन फळ्या टाका. ज्वारीही काळी पडली असेल तर तिचंही हेच.

काढलेले दाणे गाई-कोंबड्यांना न घालता बांधाकडे खड्डा करून पुरा. बाबा, पायलीभर दाणे मातीत घालताना तुमचा जीव तुटणार, मला ठाऊक आहे. भरपाई देतो म्हटलं तर रागवाल, म्हणून म्हणत नाही. पोळ्याला येतो तेव्हा आपण दोघं मिळून खड्डा करू. तोवर आईनं तो कुटाचा डबा तेवढा फडताळातून बाजूला ठेवावा.

तुमचा,
बाळू